बोलण्याची सावड

माझी बायको आत स्वयंपाकघरात गेली आणि मी बाहेर ओट्यावर बसलो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून मध्येच आत वळलं की डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे, तिथली ही गोष्ट. थोड्या वेळाने आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. त्यातलं एक हसणं माझ्या बायकोचं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं पोट धरून हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. समोर एक म्हातारे गृहस्थ मला गावच्या देवळावर नवे पत्रे घालताना मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने किती राजकारण केलं ते सांगत होते. मी मान डोलवत होतो आणि आतून जळत होतो.

पीएचडी माझी होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे पुढे तसं कुणालाच वाटेनासं झालं.

मी महाडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतो. लिंगभाव अभ्यास या विषयात पीएचडीला नाव घातलं तेव्हा स्टाफरूममध्ये भरपूर चेष्टा झाली. 'बायकांचा अभ्यास करायला मुंबईला कशाला जायला हवं, घरी सोय नाही का,' असं एक सर म्हणाले आणि सगळे खिदळले. वडिलांना मात्र अभिमान वाटला. आमच्या बौद्धवाडीत डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा, त्यामुळे हा कुठला डॉक्टर हे ते भेटेल त्याला समजावून सांगायचे. लिंगभाव हा शब्द आला की तेवढा आवाज खाली आणायचे.

माझा विषय साधा होता. नवरा मुंबईत नोकरीला आणि बायको गावाला शेती-गुरं सांभाळते, अशा घरांत ठरवतं कोण? म्हैस विकायची की ठेवायची, मुलीला बारावीनंतर महाडला शिकायला पाठवायचं की नाही, हे कुणाच्या तोंडून निघतं? पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांत अशी घरं घ्यावीत तितकी कमी. मी प्रश्नावली फार मन लावून तयार केली. टाइप बायकोने केली, तिला मराठी टायपिंग चांगलं येतं. टाइप करता करता एका प्रश्नापाशी ती थांबली.

"हे असं विचारणार तू त्यांना?"

"हो. का?"

"काही नाही," ती म्हणाली आणि पुढचा प्रश्न टाइप करू लागली.

ती मला 'तू' म्हणते, हे मी त्या काळात बऱ्याच जणांना आवर्जून सांगत असे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तिला 'अहो' बंद करायला लावलं होतं. आईसमोर ती अजून 'अहो' म्हणते, ते मी चालवून घेतो. माझ्या मते आमच्या घरातला लिंगभावाचा प्रश्न तिथेच मिटला होता.

पहिल्यांदा वाडीवर मी एकटाच गेलो. मोटरसायकल खाली लावली, चढण चढून पहिल्या घरी गेलो, पाणी प्यायलो. घरातली बाई भात कांडून आल्यासारखी घामेजलेली होती. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. "महाडचे म्हंजे कुठले?" तिने विचारलं. हा प्रश्न मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी आडनाव सांगितलं, ती जराशी गप्प झाली, मग बसा म्हणाली. मी प्रश्नावली उघडून पहिला प्रश्न विचारला, तुमच्या घरातले महत्त्वाचे निर्णय कोण घेतं?

"थांबा हां, ह्यांना इचारते," ती म्हणाली आणि मोबाइल घेऊन उठली.

वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते. ती टाकीकडे निघाली, मागून मी. तिथे उभं राहून तिने मुंबईला नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "कोन तू? कुठल्या पार्टीचा?" असं पलीकडून आलं. मी कॉलेजचा आहे, अभ्यास आहे वगैरे सांगितलं. "लिव मग, दोघं मिळून ठरवतो," नवरा म्हणाला. "हां, दोगंबी मिळून," बाईने मान हलवली. घरात निर्णय कोण घेतं, याचं उत्तर काय द्यायचं हा निर्णय नवऱ्याने घेतला आणि तो मी तिच्या नावापुढे लिहून घेतला. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. दुपारपर्यंत टाकीपाशी बायकांची रांग लागली होती. कुणाचा नवरा ड्युटीवर होता, तो फोन उचलीना, तर ती बाई मला म्हणाली, "तुमी उद्या या, आज जबाब नाय मिळायचा."

मार्गदर्शक मॅडमना हे मुंबईत जाऊन दाखवलं. त्या हसून लालबुंद झाल्या. "तुम्ही बायकांच्या मुलाखती घेतल्यात की मुंबईतल्या नवऱ्यांच्या? एखादी स्त्री साहाय्यक बघा." साहाय्यकाला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. बायकोला विचारलं तर तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "कधी निघायचं?" इतक्या पटकन तयार होईल असं वाटलं नव्हतं. मला तेव्हा ते माझ्यावरचं प्रेम वाटलं.

तिची पद्धत मी उंबऱ्यापर्यंतच पाहू शकलो. घराशी पोचली की ती पहिल्याच वाक्यात आडनाव, आमची बौद्धवाडी, तिचं वरंधजवळचं माहेर, सगळं सांगून मोकळी व्हायची. समोरच्या बाईला विचारायचं काही शिल्लकच ठेवायची नाही. मग आत जायची. कुणी नाचणी पाखडत असेल तर दुसरं सूप ओढायची, कुणी पापड लाटत असेल तर लाटण्याला हात घालायची. बाहेर ओट्यावर मी आणि गावातला असेल तो बाप्या माणूस. त्यातले काही मुंबईतून रिटायर होऊन आलेले असत. "तिला काय इचारायचं, मला इचारा," असं ते प्रेमाने म्हणत. त्यांनी मला गिरण्या सांगितल्या, बंदर सांगितलं, मंडळाचे हिशेब आणि भांडणं सांगितली. मी कंटाळून आतल्या आवाजांकडे कान लावायचो. आत कुणीतरी तिला "ऐक ना गो" म्हणायचं. कुणीतरी हुंदका द्यायचं. मग परत ते हसणं.

मला हेवा वाटत होता, सरळ सांगतो. तिचा वाटत होता, कारण माझ्या विषयाचं दार तिला ढकलावंही लागत नव्हतं. आणि त्या बायकांचा वाटत होता, कारण तिचं ते हसणं त्यांना फुकट मिळत होतं. घरी येताना तिच्या पिशवीत कुणी दिलेलं तवसं, म्हणजे पावसाळी काकडी, असे, कुणी दिलेलं नाचणीचं पीठ असे. मला इतक्या दिवसांत देवळाच्या वर्गणीची पावती मिळाली होती.

परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर मी अधीर होऊन विचारायचो, "काय म्हणाल्या?" ती बेताबेताने सांगायची. एवढं लिही. हे लिही, पण वाडीचं नाव नको. मग मध्येच गप्प.

"पुढे?"

"पुढचं लिहायचं नाही."

"अगं, डेटा आहे तो!"

"त्यांनी मला सांगितलंय. तुला नाही."

मी रागाने गिअर असा पाडायचो की ती मागून खांदा घट्ट धरायची. एकदा तिच्याकडे रेकॉर्डर दिला. तिने तो तसाच परत आणला. "हा पुढ्यात ठेवला की त्या परत टाकीवर जातील," म्हणाली. बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

एका संध्याकाळी पोलादपूरच्या स्टँडसमोर चहा पिताना मी न राहवून विचारलं, "तुलाच कशा सांगतात गं? बाई आहेस म्हणून?"

"बाई तर त्यांच्या जावाही आहेत. त्यांना कुठे सांगतात?" तिने बशीत चहा ओतला. "सावड आहे ती."

सावड आमच्याकडे सगळ्यांना माहीत. लावणीला आज तुम्ही माझ्या शेतात या, उद्या मी तुमच्या शेतात येते, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. ती म्हणाली की बोलण्याचंही तसंच असतं. आधी आपण दुसऱ्याच्या चिखलात उतरायचं, मगच तो आपल्याकडे येतो. "तू नुसता बांधावर उभा राहून विचारतोस, किती लावलंत, किती राहिलं. कोण सांगणार तुला?"

मी ते मुलाखतीच्या पद्धतीवरच्या प्रकरणात घातलं. मॅडमनी ते पान दोनदा वाचलं, पेन्सिलीने रेघ मारली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या लिखाणावर रेघ मारली ती खोडण्यासाठी. ही खाली मारली होती, कौतुकाची.

"बोलण्याची सावड. सुरेख आहे हे. तुमची कल्पना?"

"बायकोची," मी म्हटलं.

"काय शिकल्यात त्या?"

"बीए."

"मग एमए का नाही केलं?"

"लग्न झालं."

मॅडमनी प्रकरण मिटून माझ्याकडे सरकवलं. "पुढच्या वेळी त्यांना घेऊन या," एवढंच म्हणाल्या. वीर स्टेशनपर्यंत गाडीत मी खिडकीबाहेर बघत फुरंगटून बसलो होतो. इतकी पुस्तकं वाचली, इतके परिसंवाद केले, चहाच्या टपरीवर बशीत फुंकर मारता मारता ही बाई दोन शब्द बोलते आणि मॅडम तिलाच बोलावतात. घरी येऊन मी झालेलं सगळं बोलणं तिला शब्दाला शब्द सांगितलं, उपकार केल्यासारखं. ती ऐकत राहिली आणि जेवायला वाढलं.

पण त्या गाडीतच एक प्रश्न डोक्यात शिरला होता, तो जाईना. सावड म्हणजे देणंघेणं. त्या बायका आपलं काळीज काढून देत होत्या, तर माझी बायको त्यांना काय देत होती? प्रत्येक घरात ती आधी काहीतरी सांगत होती. काय? माझं घोरणं? माझ्या आईचा स्वभाव? वयाची चाळिशी जवळ आली तरी मी तासिकेवरच अडकलोय हे? की आणखी काही, जे मला कधी दिसलंच नाही? पोलादपूरच्या अर्ध्या डोंगराला माझ्या बायकोच्या मनातलं माहीत होतं आणि मला नव्हतं. आता प्रबंध राहिला बाजूला, मला तेवढंच हवं होतं. मी आडून विचारलं, उघड विचारलं, एकदा चिडूनही विचारलं. "बायकांचं बोलणं," असं म्हणून ती कामाला लागायची. ती झोपेत काही बोलते का, म्हणून मी पहाटे जागा राहून बघितलं. नाही बोलत.

मग एकदा मुलाखतींच्या संमतीपत्रांवर राहिलेल्या काही सह्या घ्यायला मी एकटाच वाडीवर गेलो. बायकोबरोबर गेलो त्या पहिल्या दिवशी जिथून ते हसणं ऐकू आलं होतं, त्याच घरी. घरातली आजी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला बघून तिने माझ्या मागे पाहिलं.

"तुजी बायको नाय आली?"

"नाही, आज मी एकटाच."

"हुशार पोर हाय रे. त्या दिशी लय रडली. आमी सांगितलं तिला, असं मनात ठेवू नको, येकदा त्याला बोल." सुपातून नजर वर करून तिने विचारलं, "बोलली ना?"

खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. पण आजीला माहीत आणि मला नाही, हे त्या ओट्यावर कबूल करणं मला जमेना.

"हो, बोलली की."

"मंग? तू काय म्हनलास?"

झाली का पंचाईत. काय बोलली तेच माहीत नाही, तर मी काय म्हणालो ते कुठून आणू?

"बघू म्हटलं," मी म्हणालो.

"बघू?" आजीने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग उठून आत गेली आणि आतल्या कुणाला तरी म्हणाली, मला ऐकू जाईल असं, "बाप्या तो बाप्याच." त्या दिवशी त्या घरात मला चहा मिळाला नाही. सह्याही मिळाल्या नाहीत. उतार उतरताना माझे कान तापले होते, आणि तरी मनात एकच चाललं होतं, ती रडली. तिथे रडली, माझ्यासमोर नाही.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. ती मागच्या दारी पायरीवर परात घेऊन बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, साली एकीकडे, डाळिंब्या एकीकडे. मी कपडेही न बदलता शेजारी बसलो आणि परातीत हात घातला. मी वाल सोलायला बसलोय हे बघूनच तिला काय ते कळलं.

"काय झालं?"

"त्या आजी भेटल्या."

तिचा हात थांबला. "काय सांगितलं त्यांनी?"

"काही नाही. मलाच विचारलं, तू बोललीस तेव्हा मी काय म्हणालो."

"मग काय म्हणालास?"

"बघू म्हटलं."

ती हसली. त्या घरातलं ते हसणं नव्हतं, पण त्याच्या जवळपासचं होतं. माझा धीर सुटला. "मला सांग ना. काय सांगतेस तू त्यांना?"

"सावडीचं आहे ते," ती म्हणाली. "आधी तू."

मी सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं प्रबंधातली आली, माझी मलाच लाज वाटली. वाल बोटांतून निसटत होते. मग एकदाचं म्हटलं, मला तुझा हेवा वाटतो. तू आत जातेस आणि मी ओट्यावर पत्र्यांच्या गप्पा ऐकत बसतो. त्या बायका तुला गो म्हणतात. त्यांना तुझं हसणं मिळतं, रडणं मिळतं, आणि मला तू म्हणतेस, एवढं लिही, तेवढं नको. मॅडमनी तुझ्या शब्दाखाली रेघ मारली तेव्हा मला आनंद नाही झाला. अभ्यास माझा, आणि सगळं तुला सांगतात. बोलता बोलता माझा आवाज चढला होता. शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून पाहिलं आणि त्या परत आत गेल्या.

ती सोलत राहिली. "कधीपासून वाटतोय?"

"त्या पहिल्या वाडीपासून."

"मला तू पीएचडीला नाव घातलंस त्या दिवसापासून."

ती परातीत बघून बोलत होती.

"हेच सांगायचे मी त्यांना. दुसरं काही नाही. मला नवऱ्याचा हेवा वाटतो, एवढं म्हटलं की पुढे काही विचारावंच लागत नाही. त्या आजी म्हणाल्या, ह्यांनी सगळा जन्म समुद्र बघितला, मला एकदा नेलं नाही. एकीला नवऱ्याच्या आयत्या ताटाचा हेवा. एकीला त्याला शिव्या द्यायला मित्र आहेत त्याचा. सगळ्या हसायला लागल्या. मग मी माझं सांगितलं. तुझा डबा करायचा, तुझा शर्ट इस्त्री करायचा, वीरला जाणाऱ्या रिक्षापर्यंत पिशवी धरायची. रिक्षा वळली की घरी येऊन तुझी पुस्तकं चाळायची, आणि तू यायच्या आत होती तशी ठेवायची. तुझा सिनॉप्सिस टाइप करताना किती वाक्यं मी बदलली, तुला आजपर्यंत कळलेलं नाही. सांगता सांगता मला रडू आलं."

मला सिनॉप्सिस आठवला. भाषा ओघवती आहे, असं समितीने म्हटलं होतं. ते मी अजून लोकांना सांगतो.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ओट्यावरून विचारायचास."

वालाची साल नखात रुतली होती ती काढत बसलो. मग तीच म्हणाली, "मॅडमनी विचारलं ना तुला, मी एमए का नाही केलं?"

"हो."

"तू सांगितलंस, लग्न झालं."

"हो."

"लग्न तर तुझंही झालं होतं."

तिने परात माझ्याकडे सरकवली, हात धुतले आणि आत गेली. माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग पुस्तकाचं पान उलटल्याचा. मागच्या पायरीवर बसून मी कान लावून ऐकत होतो. वाल अजून बरेच सोलायचे होते.